रिकाम्या गोलाचे पूर्ण मार्क

सरांना "बरं आहे ना?" असं सहज विचारायची सोय नव्हती. आपण विचारून पुढं निघायचो, तर ते हात वर करून थांबवायचे. "थांब, बघतो." मग आमच्या मुरुम गावच्या भर बाजारपेठेत, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, शेजारून म्हैस चाललीय, आणि सर डोळे मिटून स्वतःची तपासणी करतायत. शेवटी निकाल यायचा. "डावा गुडघा सोडून बरं आहे. काल उजवा होता."

लोक हसायचे. मीही हसायचो. पुढं आयुष्यात असा एक काळ आला की त्यांच्या त्या "थांब, बघतो"ची मला धास्ती बसली. ते कसं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

ते आम्हाला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि उजवा अंगठा कायम तांबडा. कांद्याच्या कोवळ्या मुळाचं टोक कापायचं, तांबड्या रंगात भिजवायचं, स्पिरिटच्या दिव्यावर काच जरा ऊन करायची, वर टिपकागद ठेवायचा आणि अंगठ्यानं सरळ दाबायचं. "दाबायचं. सरकवायचं न्हाय. सरकवलं की पेशी फाटल्या, मग बसा रडत." मतदानाला गेले की तिथला कर्मचारी त्यांच्या अंगठ्याकडं संशयानं बघायचा. तेव्हा सर मुद्दाम तोच अंगठा त्याच्यासमोर नाचवायचे. "हे सरकारचं न्हाय, कांद्याचं हाय."

बाजारात कांदे घेताना ते कांद्याचं बूड बघायचे. मुळं फुटायला आलेला कांदा लोक बाजूला टाकतात, सर नेमका तोच निवडायचे. भाजी विकणारी मावशी त्यांना म्हणायची, "मास्तर, एखादा खायला बी न्या की. समदे काचंवर दाबूनच मारताव व्हय?"

"मावशी, तुमच्या कांद्यात सोळा हायत."

"सोळा काय?"

"गुणसूत्रं."

"मग सोळा रुपये जास्तीचे द्या," मावशी म्हणायची आणि सर सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं हसायचे.

गुणसूत्रं म्हणजे पेशीच्या आतले धागे. त्या जिवाचा सगळा मजकूर त्यांच्यावर लिहिलेला असतो. कांद्यात सोळा, माणसात शेहेचाळीस. ते एरवी दिसत नाहीत, पेशी दुभंगायला लागली की दिसतात. त्यासाठी मुळं सकाळी ठरावीक वेळेलाच कापावी लागतात, असं सरांचं म्हणणं. म्हणून आमचं प्रात्यक्षिक साडेसहाला. खेड्यांवरून येणारी पोरं एसटीच्या पहिल्या गाडीनं, पारोशी यायची.

प्रयोगवहीत आकृती काढायची, त्याला सरांनी एक कायदा केला होता. सूक्ष्मदर्शकातून जे दिसतं ते एका गोलात काढायचं. गोल काढायला त्यांच्या खडूच्या डबीत त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, एक हिरवी काचेची बांगडी असायची. ती वर्गभर फिरायची आणि तिला तडा गेला तर सगळ्या वर्गाची गय नव्हती. बांगडी ठेवायची, पेन्सिल फिरवायची, आणि गोलात दिसलं तेवढंच काढायचं. तीन धागे दिसले तर तीन. पुस्तकात सोळा असले तरी तीन. आणि काहीच दिसलं नाही तर गोल रिकामा ठेवायचा, खाली लिहायचं, 'बघितलं. काही दिसलं नाही', आणि सही करायची. अशा रिकाम्या गोलाला सर पूर्ण मार्क द्यायचे.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. माझ्या काचेवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी अंगठा सरकवला असणार. मी गाईडमधून पाठ केलेले सोळा धागे गोलात सुबक काढून टाकले. शेजारच्या टेबलावर तामलवाडीची एक मुलगी होती. तिलाही काही दिसलं नाही. तिनं गोल रिकामा ठेवला आणि खाली ते वाक्य लिहून सही केली. परीक्षकांनी मला वीसपैकी वीस दिले आणि तिला शून्य.

सर उठले. "साहेब, हिनं खरं लिहिलंय."

"अहो, आकृतीच नाही. मार्क कशाला देऊ?"

"यानं काढलीय त्याच्या काचंवर तरी हाय का ती? बघा तुम्ही स्वतः."

परीक्षक बघेनात. सरांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. प्राचार्य धावत आले, साहेबांसाठी आणलेला चहा गार झाला, भजी गार झाली, संध्याकाळची गाडी चुकली. सर हाताची घडी घालून उभेच. "नोकरी घ्या. सही न्हाय." शेवटी परीक्षकांनी वैतागून तिला चौदा दिले. सर म्हणाले, "सहा राहिले, ते तुमच्याकडं असू द्या."

दुसऱ्या दिवशी मी भेटलो तेव्हा ते एवढंच बोलले. "वीस पडले का? ठेव." पुढं कधीही तो विषय काढला नाही. मला वाटलं, विसरले.

मी डॉक्टर झालो नाही. रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केला आणि मुरुमलाच स्टँडच्या मागं लॅब टाकली. सर निवृत्त झाल्यावर रोज सकाळी येऊन बसायचे. पेपर वाचायचे आणि माझ्या रिपोर्टांतल्या चुका काढायचे. "लाल पेशी 'थोड्या' म्हणजे किती रे? थोड्या हा काय आकडा हाय?"

एके दिवशी ते स्वतःचीच बाटली घेऊन आले. लघवीचा रंग चहासारखा होता. "माझी हाय. मोजून लिही. अंदाजे लिहिलंस तर बघ."

मी लाल पेशी मोजल्या. मोजता येण्यापलीकडं होत्या. सोनोग्राफी झाली, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डावी किडनी गाठीसकट काढली. सर्जन चांगला माणूस होता. "गुरुजी, गाठ सगळी निघाली. आता निवांत राहा," म्हणाला.

"गाठ तुम्ही बघितली," सर खाटेवरून म्हणाले. "मी न्हाय बघितली. तिची गुणसूत्रं बघायची हायत मला."

सर्जन समजावत होता. गाठीची गुणसूत्रं बघून पुढचा थोडा अदमास येतो, पण त्यानं आजचं औषध बदलत नाही, दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन करायचाच आहे. काकू म्हणाल्या, "अहो, नसते उपद्व्याप कशाला? गाठ काय कांदा हाय का?" सर ऐकतात कशाला! त्यांनी दवाखान्यातून गाठीचा नमुना मागून घेतला, एसटीनं मांडीवर ठेवून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "तुझ्या लॅबमार्फत मुंबईला पाठव. रिपोर्ट तुझ्याकडं येऊ दे. तू बघ आणि मला दाखव."

रिपोर्ट माझ्या कॉम्प्युटरवर आला तो दोन पानांचा. पहिल्या पानावर होतं की तिसऱ्या गुणसूत्राचा आखूड भाग हरवलाय. ते या जातीच्या बहुतेक गाठींत असतंच, त्यानं एकट्यानं काही बिघडत नाही. दुसऱ्या पानावर होतं की नवव्याचा एक भाग गेलाय आणि चौदाव्याचाही. खाली एक ओळ होती. असे बदल असलेल्यांत आजार परतण्याचा आणि पसरण्याचा धोका जास्त असतो, लक्ष ठेवावं.

मी दुसरं पान छापलं नाही.

हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. काकूंनी नाही, त्यांच्या पुण्याच्या मुलानं नाही. आमच्याकडं अशी रीतच आहे, वाईट रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा नसतो, घरातल्या थोरल्याला बाजूला घेऊन सांगायचा असतो. पण मी थोरल्यालाही सांगितलं नाही. मी स्वतःला सांगितलं की ही माया आहे. आज लिहिताना खोटं लिहीत नाही, माया नव्हती ती. ते दुसरं पान वाचतील तेव्हा समोरच्या खुर्चीत मी असणार, आणि मला तिथं बसायचं नव्हतं. एवढंच.

सरांनी पहिलं पान उजेडात धरलं. धाग्यांच्या चित्राऐवजी त्यावर बारीक ठिपक्यांची रांग होती. तुकडा हरवला तिथं रांग खाली बसलेली. "हे काय शेअर बाजार हाय का?" ते म्हणाले. मग गंभीर झाले. "बाकीची?"

"बाकीची ठीक आहेत सर."

"तू बघितलीस?"

"बघितली."

"मग झालं."

ज्या माणसानं परीक्षकाच्या डोळ्यावर विश्वास ठेवला नाही, सर्जनच्या ठेवला नाही, त्यानं जन्मात एकदा दुसऱ्याच्या डोळ्यानं बघितलं, आणि तो डोळा माझा होता.

पुढं जे झालं ते अगदी साधं. सरांनी स्वतःच हिशेब मांडला. तिसरं तर सगळ्यांचंच तुटतं, मग तीन-तीन महिन्याला कशाला जायचं? वर्षानं जाऊ. काकूंनी दोन-तीनदा आठवण केली. सर म्हणायचे, "रिपोर्ट हाय माझ्याकडं." मी शेजारी बसून चहा पीत असायचो. एक वाक्य बोललो असतो तर ते दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या गाडीत बसले असते. त्या वर्षात मी ते वाक्य रोज जुळवायचो आणि रोज चहाबरोबर गिळायचो.

वर्ष भरायच्या आत त्यांना खोकला लागला. स्कॅनमध्ये छातीत डाग दिसले. वेळेवर स्कॅन झाले असते तर डाग आलेच नसते असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण लहान असताना सापडले असते, आणि सरांना ते बघायचा हक्क होता. तो मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये झाकून ठेवला होता.

मी दुसरं पान छापून त्यांच्या घरी गेलो. सर अंगणात होते. पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून त्यावर कांदे मांडत होते. काकू जवळच शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पान त्यांच्या हातात दिलं.

काकूंचे हात थांबले. "अरे, मला तरी सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी काय कापराची हाय का, उडून जायला?"

सर वाचत होते. ओल्या बोटांचे ठसे कागदावर उमटत होते. वाचून झालं, मग परत पहिल्यापासून वाचलं. मी वाट बघत होतो की आता भडकतील, कानाखाली देतील. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"बारावीत तू सोळा काढले होतेस," ते म्हणाले. "काचंवर एक बी नव्हता."

ते विसरले नव्हते.

"तवा नव्हतं ते काढलंस. आता होतं ते झाकलंस. दोन्ही एकच."

"चुकलं सर. मला माफ करा."

त्यांनी हात वर केला. "थांब, बघतो." आणि डोळे मिटले. शेळी ओरडली, कुठंतरी मोटारसायकल सुरू झाली, मी तिथंच उभा. गुडघ्याचं दुखणं शोधावं तसं ते आत शोधत होते. डोळे उघडले. "न्हाय. आज न्हाय."

काकू म्हणाल्या, "अहो, म्हणा की केलं म्हणून. पोरगं रडायलंय."

"रडू दे. खोटं कसं म्हणू?"

मग त्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं. "सोलापूरला कवा जायचं ते बघ. तू येणार हायस संगं."

सोलापूरच्या डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या. रिपोर्टचं दुसरं पान वाचून त्यानं चष्मा काढला आणि आवाज मऊ केला. "गुरुजी, अशा पेशंटांचा अनुभव बघता साधारण..."

"साहेब," सरांनी अडवलं, "ही 'अशा पेशंटांची' बेरीज हाय न्हवं? म्हणजे वर्गाचा निकाल. माझ्या वर्गाचा निकाल मी तीस वर्षं लावलाय. वर्गाचा निकाल सांगून पोरगं पास का नापास ते कळत न्हाय. धोका जास्त हाय हे मी मान्य केलं, बघितलं मी ते. गोळी खातो, स्कॅनला येतो, एकबी तारीख चुकवत न्हाय. पण माझा आकडा तुमच्याकडं असंल तर दाखवा. नसंल तर गोल काढा आणि सही करा."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. त्याला गोलाचं काय कळणार? मी मान खाली घातली.

गोळ्यांनी सरांच्या तळपायांना फोड यायचे, तोंड सोलायचं, केस पांढरेफटक झाले. बाजारात ते तसेच यायचे, पायात काकूंच्या मऊ चपला घालून. मावशी म्हणाली, "मास्तर, ह्या बाईच्या चपला कशाला घालायलाव?" "पाय बाईचे असते तर विचारलं असतं का?" असलं काहीतरी सर बोलायचे आणि कांद्याची बुडं बघायला लागायचे. शेजारच्या एकानं देवाला कौल लावायचं सुचवलं, दुसऱ्यानं झाडपाला आणला, तिसऱ्यानं सांगितलं की मुलाला पुण्याहून बोलावून घ्या, बोलणं-चालणं करून घ्या. सरांनी तिघांना एकच उत्तर दिलं. "मी अजून हाय. मोजून बघा."

मी रोज संध्याकाळी जायचो. रोज विचारायचो, "सर, ते माफीचं?" रोज हात वर. "थांब, बघतो." आणि रोज खरं उत्तर. "न्हाय." एकदा म्हणाले, "दुपारी जरा वाटलं होतं. आता न्हाय." काकू पहिल्यांदा चिडायच्या, नंतर त्यांना हसू यायला लागलं. मला हसू येत नव्हतं. पण एक सांगतो, जे "जाऊ दे रे, झालं गेलं" म्हणून पाठीवर हात ठेवतात, त्यांच्याकडं मी कधीच असा रोज उठून गेलो नसतो.

आज माझ्या लॅबमध्ये रिपोर्ट आला की त्याची सगळी पानं ज्याची त्याच्या हातात जातात. नातेवाईक काउंटरवर वाकून कुजबुजतात, "भाऊ, त्यांना दाखवू नका." मी म्हणतो, त्यांनाच विचारा, बघायचंय का. नको म्हणाले तर नको. पण ते त्यांनी म्हणायचं. यावरून दोन-चार भांडणं झाली, एकानं खुर्ची उचलली. उचलू दे.

लोक मला विचारतात, सर त्यानंतर किती जगले? मी सांगत नाही. सांगितलं की लगेच ताळा सुरू होतो. बघा, रिपोर्ट बरोबर निघाला. किंवा, बघा, रिपोर्ट चुकला. सर काही रिपोर्टचं उत्तर म्हणून जगत नव्हते.

एका संध्याकाळी गेलो तर त्यांनी ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला होता. शेजारी कोरी प्रयोगवही, पेन्सिल आणि ती हिरवी बांगडी. दम लागत होता, बोलणं तुटत होतं. पहिल्या पानावर त्यांनी मुंबईच्या रिपोर्टवरून स्वतःची गुणसूत्रं काढली होती, सगळी, जोडीजोडीनं, पट्टीनं रेघा मारून. तिसरं, नववं आणि चौदावं, जेवढं हरवलं तेवढी जागा मोकळी सोडलेली. खाली लिहिलं होतं, 'बघितलं. दिसलं.' आणि सही.

त्यांनी पान उलटलं. माझ्यासमोर बांगडी ठेवली, पेन्सिल फिरवली. गोल जुळला. वर शीर्षक लिहिलं, 'पुढं किती दिवस'. गोलात काही काढलं नाही. खाली लिहिलं, 'बघितलं. काही दिसलं नाही.' सही केली आणि वही माझ्याकडं सरकवली.

"तपासणाऱ्याची सही."

मी पेन काढलं.

"आधी बघ. न बघता करू नको."

मी बघितलं. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावरची ती ओळ मला पाठ होती, डॉक्टरचा मऊ झालेला आवाज आठवत होता, त्यांच्या दिसणाऱ्या बरगड्या समोर होत्या. तरी त्या गोलात मला एकही आकडा दिसला नाही. मी सही केली.

"मार्क?"

वीसपैकी वीस लिहिले. सरांनी वही फिरवून तपासली, मान हलवली. काकू दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी उठलो, आणि रोजच्यासारखं विचारलं, "सर, ते?"

"थांब, बघतो."

त्यांनी डोळे मिटले. या वेळी बराच वेळ लागला. चहावर साय धरली. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"थोडं राहिलंय," ते म्हणाले. "उद्या ये."